हार्दिक एका संध्याकाळीत मुंबईचा कसा झाला?

२६ नोव्हेंबर २०२३, रविवारची संध्याकाळ, डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचा कट्टा. आयपीएलच्या दहा संघांनी कोणाला ठेवलं आणि कोणाला सोडलं, याच्या याद्या टीव्हीवर चालू होत्या. हार्दिक पंड्या गुजरात सोडून मुंबईला परत येतोय अशी कुजबुज दोन-तीन दिवस होतीच. गुजरात टायटन्सची यादी झळकली. हार्दिक पंड्या : कायम. तळमजल्यावरचे काका विजयी मुद्रेने म्हणाले, "बघितलंस? वावड्या सगळ्या. पहिल्या वर्षी ट्रॉफी, दुसऱ्या वर्षी फायनल. असा कॅप्टन कोण सोडेल रे?" आम्ही माना डोलावल्या. मी घरी जाऊन पानावर बसतोय तोच मोबाइल वाजायला लागला. हार्दिक मुंबईचा झाला होता.

दुसऱ्या दिवशी दोन्ही संघांनी तसं जाहीर केलं. मग आदल्या संध्याकाळची यादी खोटी होती का? की दोन तासांत कोणी कोणाला पटवलं? कट्ट्यावर पुढचे आठ दिवस हेच चाललं होतं. कोणी म्हणे गद्दारी, कोणी म्हणे अंबानींनी पैसा फेकला. मीही त्यात तावातावाने होतो. पुढे सवडीने नियम वाचले, कागदावर आकडे मांडले, आणि लक्षात आलं की यादीही खरी होती आणि बातमीही खरी होती. शिवाय कुलपाची किल्ली हार्दिककडे नव्हतीच. ती कॅमेरून ग्रीन नावाच्या सहा फुटांहून उंच ऑस्ट्रेलियनाकडे होती, आणि त्याच्याबद्दल कट्ट्यावर कोणी चकार शब्द काढला नव्हता.

लिलाव वेगळा, बोहारीण वेगळी

आयपीएलमध्ये खेळाडू मुख्यतः दोन वाटांनी संघात येतो. पहिली वाट लिलावाची. लासलगावला कांद्याच्या ट्रॅक्टरभोवती व्यापारी जमतात, बोली चढत जाते, शेवटची बोली ज्याची त्याचा माल. इथेही तेच, फक्त माल सूट घालून टीव्हीवर स्वतःचा लिलाव बघत असतो.

दुसरी वाट ट्रेडची, म्हणजे आपसातल्या व्यवहाराची. ती बोहारणीसारखी. लहानपणी आमच्या दारात बोहारीण बसायची. आई जुन्या साड्या आणि बाबांच्या विटलेल्या पँटी पुढ्यात टाकायची आणि मोठं पातेलं मागायची. बोहारीण कापड उजेडात धरून बघायची आणि म्हणायची, "यात डबाच येतो ताई, पातेल्याला अजून एक जरीची द्या." तिथे ना गर्दी, ना हातोडा. दोघींचं पटलं की व्यवहार झाला. शेजारणीने त्याच साडीवर जास्त दिलं असतं का, हा प्रश्नच येत नाही.

आयपीएलमधले सुरुवातीचे ट्रेड असे सरळ वस्तूच्या बदल्यात वस्तू होते. २००९ च्या हंगामाआधी झहीर खान बेंगळुरूहून मुंबईला आला आणि रॉबिन उथप्पा मुंबईहून बेंगळुरूला गेला. त्याच सुमाराला आशिष नेहरा दिल्लीला आणि शिखर धवन मुंबईला असाही एक बदल झाला. पुढे रोखीचे व्यवहार रूढ झाले. एक संघ खेळाडू देतो, दुसरा त्याच्या मानधनाची जबाबदारी उचलतो. खेळाडू सहसा आपल्या मानधनाचा आकडा बरोबर घेऊन जातो, बदली झालेल्या सरकारी नोकराने आपली वेतनश्रेणी न्यावी तसा. हार्दिकचा आकडा होता १५ कोटी. तेवढ्यावरच गुजरातने त्याला २०२२ च्या हंगामाआधी घेतलं होतं.

याशिवाय एक संघ दुसऱ्याला वेगळी रक्कमही देऊ शकतो. ती जाहीर होत नाही. तिच्यातला जास्तीत जास्त निम्मा वाटा खेळाडूला मिळू शकतो, आणि ती संघाच्या ठरलेल्या खर्चमर्यादेत धरत नाहीत. फ्लॅटचा व्यवहार केलेल्या माणसाला हे वाचून ओळखीचं हसू येईल. पण इथे काळं-पांढरं काही नाही, नियमच तसा आहे. 'अंबानींनी पैसा फेकला' असं कट्टा म्हणत होता तो फेकायची जागा एवढीच. बाकी सगळीकडे श्रीमंत मालकाचे हात बांधलेले असतात. कसे, ते बघू.

पिशवीत उरले असते २५ लाख

आयपीएलमध्ये प्रत्येक संघाला खेळाडूंवर ठरावीक रक्कमच खर्च करता येते. तिला सगळे पर्स म्हणतात. २०२४ च्या हंगामासाठी ती १०० कोटी होती. मालक अब्जाधीश असो नाही तर कर्जबाजारी, पिशवी सगळ्यांची सारखीच. महिन्याच्या किराण्याला घरात मोजून पैसे मिळाले आणि त्यात काजू आणायचे ठरवले, तर डाळ-तांदळातून काटछाट आलीच. शिवाय डबेही मोजके. संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू आणि त्यात परदेशी आठच.

आता मुंबईची पिशवी उघडू. त्या रविवारी ११ खेळाडूंना नारळ दिल्यावर मुंबईकडे १५ कोटी २५ लाख उरले होते. हार्दिक १५ कोटींचा. म्हणजे तो बसत होता, पण जेमतेम. त्याला घेतल्यावर उरतात २५ लाख. लिलावात सगळ्यात स्वस्त खेळाडूची सुरुवातीची किंमतच तेव्हा २० लाख होती. म्हणजे एक नवखा पोरगा घ्यायचा आणि ५ लाख सुटे घेऊन घरी यायचं. संघात जागा मात्र सात रिकाम्या, आणि गोलंदाजांची तर बोंबच होती.

इथे ग्रीन येतो. मुंबईने त्याला २०२२ च्या डिसेंबरात साडेसतरा कोटींना घेतलं होतं. त्याने पहिल्याच हंगामात शतकही ठोकलं होतं, पण तो आणि हार्दिक दोघेही एकाच कामाचे : मधल्या फळीत हाणणारे आणि वेगवान गोलंदाजी टाकणारे. दोघांचे मिळून साडेबत्तीस कोटी, जवळजवळ एक तृतीयांश पिशवी. तेव्हा ग्रीनला गिऱ्हाईक शोधणं आलं, आणि तेही असं, की ज्याच्या पिशवीत साडेसतरा कोटी मोकळे असतील. त्या दिवशी बेंगळुरूने हसरंगा, हर्षल पटेल, हेझलवूड असे महागडे गोलंदाज सोडले होते. त्यांच्याकडे ४० कोटी ७५ लाख होते. ग्रीन तिकडे गेला आणि मुंबईच्या पिशवीत २५ लाखांचे १७ कोटी ७५ लाख झाले.

त्या पैशांचं काय झालं तेही सांगतो. १९ डिसेंबरला दुबईत लिलाव झाला. मुंबईने कोएत्झी ५ कोटींना, तुषारा ४ कोटी ८० लाखांना, मदुशंका ४ कोटी ६० लाखांना आणि मोहम्मद नबी दीड कोटीला घेतला. शिवाय २०-२० लाखांचे चार जण. एकूण आठ, ग्रीनची जागा धरून नेमक्या रिकाम्या जागांइतके. त्या २० लाखांच्या चौघांत नमन धीर होता, जो पुढे मुंबईचा हुकमी खेळाडू झाला. ग्रीन गेला नसता तर यातला फार तर एकच मिळाला असता. म्हणून म्हणतो, एका खेळाडूच्या ट्रेडकडे एकट्याने बघून काही कळत नाही. लोकलमध्ये चौथी सीट मिळते ती तिघे सरकतात म्हणून. बसणारा दिसतो, सरकणारे दिसत नाहीत.

दोन घड्याळं

राहिली ती यादी. तिचं उत्तर अगदीच साधं आहे. खेळाडू ठेवायचे की सोडायचे हे कळवायची मुदत त्या रविवारी संपत होती. ट्रेडची खिडकी मात्र १२ डिसेंबरपर्यंत उघडी होती. नियमाप्रमाणे ती लिलावाच्या आठवडाभर आधी बंद होते, लिलावानंतर पुन्हा उघडते आणि नवा हंगाम महिन्यावर आला की मिटते. दोन वेगवेगळी घड्याळं. गुजरातने हार्दिकला यादीत ठेवलं नसतं तर तो सरळ लिलावात गेला असता आणि गुजरातच्या हाती काहीच लागलं नसतं. जो खेळाडू विकायचा आहे तो आधी आपला म्हणून नोंदवावा लागतो. सातबाऱ्यावर नाव नसेल तर जमीन विकणार कशी?

म्हणजे 'कायम' या शब्दाचा अर्थ फक्त 'लिलावात सोडला नाही' एवढाच. तो आम्ही 'पुढच्या वर्षी आमच्याकडूनच खेळणार' असा वाचला. काकांचाही दोष नाही, टीव्हीवरचे तज्ज्ञही तसंच बोलत होते.

खेळाडूला कोणी विचारतं का?

हो. आयपीएलमध्ये खेळाडूच्या होकाराशिवाय ट्रेड होत नाही. परदेशी असेल तर त्याच्या क्रिकेट मंडळाचं ना-हरकत पत्र लागतं, आणि शेवटचा शिक्का आयपीएलचा. अमेरिकेत याच्या उलट. तिथल्या बास्केटबॉलमध्ये बहुतेक खेळाडूंना नाही म्हणायचा हक्कच नसतो. २०२५ च्या फेब्रुवारीत डॅलसने लुका डॉन्चिच नावाचा आपला पंचविशीतला हिरा एका रात्रीत लॉस एंजेलिस लेकर्सला दिला. ज्या पत्रकाराने बातमी फोडली त्याचं खातंच कोणी तरी हॅक केलं असावं, असं लोकांना वाटलं. खुद्द लुकालाही कल्पना नव्हती.

मात्र आपल्याकडे होकार खेळाडूचा असला तरी बोलणी संघांनीच करायची. इथेच रवींद्र जडेजाची जुनी गोष्ट येते. राजस्थानशी करार वाढवायचा सोडून त्याने दुसरीकडे परस्पर बोलणी केली, असा ठपका ठेवून त्याला २०१० च्या अख्ख्या हंगामाची बंदी घातली होती. तेव्हा तो विशीतला होता. आणि गंमत बघा, २०२५ च्या नोव्हेंबरात तोच जडेजा रीतसर ट्रेड होऊन परत राजस्थानलाच गेला.

तो ट्रेड हिशेबासाठी हार्दिकपेक्षाही सुंदर आहे. संजू सॅमसन १८ कोटींवर चेन्नईला, बदल्यात जडेजा आणि सॅम करन राजस्थानला. चेन्नईकडे जडेजाचे १८ कोटी होते आणि करनचे २ कोटी ४० लाख. राजस्थानने जडेजाला घेतलं ते १४ कोटींवर. आता मांडा. चेन्नईने २०.४ कोटींचे खेळाडू दिले आणि १८ कोटींचा घेतला : २.४ कोटी सुटले. राजस्थानने १८ कोटींचा दिला आणि १६.४ कोटींचे घेतले : १.६ कोटी सुटले. दोन्हीकडे पिशवी जड झाली! व्यवहारात दोघांनाही पैसे सुटले तर ते आले कुठून? बेरीज करा, ४ कोटी. तेवढेच जडेजाच्या मानधनातून गेले. म्हणजे खेळाडूच्या होकाराला किंमत असते, आणि कधी कधी ती खेळाडूच मोजतो.

चाहते म्हणून आपण अशा वेळी एकच विचारतो : कोण जिंकलं, चेन्नई की राजस्थान? त्याची घाई करू नये हे मी स्वतः तोंडावर आपटून शिकलोय. २०२० च्या हंगामाआधी आमच्या डोंबिवलीचा अजिंक्य रहाणे राजस्थानहून दिल्लीला गेला. बदल्यात राजस्थानला मिळाले मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया. मी गाडीत मोठ्याने म्हणालो होतो, "हिरा देऊन काचा घेतल्या." २७ सप्टेंबरला शारजात त्यातल्या तेवतिया नावाच्या काचेने कॉट्रेल नावाच्या गोलंदाजाच्या एका षटकात पाच षटकार मारले आणि राजस्थानने २२४ धावांचं लक्ष्य गाठलं. आठ-वीसच्या लोकलमधले मित्र अजून मला 'जवाहिरे' म्हणतात.

"दुसरी पार्टी पण बघून गेलीय"

अफवा कशा जन्मतात? घर शोधलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. एजंट कुलूप उघडता उघडता सहज म्हणतो, "सकाळीच दुसरी पार्टी बघून गेली, त्यांना आवडलाय." पार्टी खरी असेलही, नसेलही. पण आपण दहा हजार चढवतो. 'सूत्रांच्या माहितीनुसार अमुक संघ तमुक खेळाडूसाठी उत्सुक' ही बातमी पुष्कळदा त्याच जातीची असते. खेळाडूच्या प्रतिनिधीला भाव वाढवायचा असतो. विकणाऱ्या संघाला आणखी गिऱ्हाईक हवं असतं. कधी संघ स्वतःच पुडी सोडतो आणि चाहते किती चिडतात ते बघतो.

पण सगळ्या अफवा खोट्या नसतात, ही खरी पंचाईत. हार्दिकची खरी निघाली. संजू राजस्थान सोडणार ही बातमी २०२५ च्या ऑगस्टपासून फिरत होती, व्यवहार झाला नोव्हेंबरात. मधले महिने बोलणी लांबली की कोणी अडून बसलं, हे बाहेरच्याला दिसत नाही. बोहारीणही पहिल्या फेरीत पातेलं देत नाही, टोपली डोक्यावर घेऊन दोन पायऱ्या उतरते आणि मग परत वळते.

> चौकट : बातमी आली की
> पिशवी बघा. येणाऱ्याचा आकडा मावतोय का? मावत नसेल तर कोण जाणार हे बातमीत आहे का? नसेल तर बातमी अर्धी आहे.
> डबे मोजा. परदेशी खेळाडू असेल आणि आठ जागा भरलेल्या असतील, तर आधी एकाला हलावं लागेल.
> घड्याळ बघा. हंगाम सुरू झाला की खेळाडूची कायमची देवघेव बंद. तेव्हाची 'ट्रेडची बातमी' ही पुढच्या वर्षीची इच्छा असते.

वानखेडेवर जे पिशवीत मावलं नाही

आता माझं मत. हिशेब म्हणून मुंबईचा तो व्यवहार चोख होता. २०१५ मध्ये १० लाखांना घेतलेला आपलाच पोरगा, आता जेतेपद जिंकलेला कर्णधार होऊन परत येतोय आणि त्यासाठी ग्रीनची जागा मोकळी करायची आहे. यात चूक काढणं कठीण आहे.

चूक पुढे झाली. १५ डिसेंबरला रोहित शर्माच्या जागी हार्दिकला कर्णधार केलं. २०१३, २०१५, २०१७, २०१९, २०२० अशा पाच ट्रॉफ्या आणणाऱ्या माणसाला हटवण्यात पर्सचा काही संबंध नव्हता. कर्णधारपदाचे वेगळे पैसे नसतात. तो निव्वळ संघचालकांचा निर्णय होता. तो घ्यायचा हक्क त्यांना होता, पण तो ज्या पद्धतीने आमच्यापर्यंत पोचला त्याने वानखेडेचं घरपण गेलं. स्टँडमध्ये बसणाऱ्याची भावना कोणत्याच रकान्यात लिहीत नाहीत, म्हणून ती शून्य धरायची नसते.

पण आम्ही केलं तेही लाजिरवाणं होतं. १ एप्रिल २०२४ ला राजस्थानविरुद्ध हार्दिक नाणेफेकीला आला तेव्हा वानखेडेने त्याची हुर्यो उडवली. संजय मांजरेकरांना माईकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. स्वतःच्या मैदानात, स्वतःच्या कर्णधाराची! आमच्या कट्ट्यावरचे दोघे त्या दिवशी तिथे होते आणि परतल्यावर अभिमानाने सांगत होते. त्या हंगामात मुंबई चौदापैकी चार सामने जिंकून तळाला राहिली. हार्दिकला दोष देणाऱ्यांना पुरावा मिळाला, आणि संघाला हुर्योने काय होतं हे विचारणाऱ्यांनाही.

मग २९ जूनला बार्बाडोस. टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं शेवटचं षटक हार्दिकने टाकलं, कर्णधार रोहित होता. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर मुंगी शिरायला जागा नव्हती आणि त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा घोष झाला. आमचे ते दोघे तिथेही होते. त्यांचे घसे बसले होते.

३१ ऑक्टोबरला पुन्हा याद्या आल्या. मुंबईने पाच जण ठेवले. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे पाच अनुभवी खेळाडू ठेवले की पिशवीतून ७५ कोटी जात होते, पण ते पाच जणांत कसे वाटायचे हे संघाने ठरवायचं. मुंबईने बुमराहला १८ कोटी दिले, सूर्यकुमारला १६ कोटी ३५ लाख, तिलक वर्माला ८ कोटी. हार्दिकला १६ कोटी ३५ लाख आणि रोहितला १६ कोटी ३० लाख. ज्या दोघांवरून आम्ही वर्षभर एकमेकांचे शर्ट धरले, त्यांच्यातलं अंतर मुंबईच्या हिशेबात ५ लाखांचं होतं.